काकडीचा सातबारा

रायगड जिल्ह्यात एखाद्या जमिनीचा सातबारा काढावा आणि त्यावर एकच नाव निघावं, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. आजोबांचं नाव, त्यांच्या तीन भावांची नावं, लग्न होऊन पेणला गेलेल्या आत्यांची नावं आणि 'इतर हक्क' या रकान्यात कोणालाच न आठवणारं एखादं कूळ. थळच्या वाडीत विहिरीशेजारी लावलेल्या काकडीच्या वेलाचं काही वेगळं नसतं. लावणाऱ्याला वाटतं, आपण मालक. खरे हिस्सेदार ओल्या पालापाचोळ्याखाली, शेवग्याच्या फांदीवर आणि शेजारच्या खुराड्यात आपापली वेळ व्हायची वाट बघत असतात. ते तलाठ्याकडे खेटे घालत नाहीत, थेट ताबा घेतात.

थळ हे अलिबागच्या उत्तरेला समुद्राला खेटून वसलेलं गाव. एका अंगाला कोळीवाडा आणि सुकत घातलेली मासळी, दुसऱ्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, समोर पाण्यात खांदेरी आणि उंदेरी. मासळी, भात, वाल, नारळ यांचं इथलं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. ताट भरून कच्चा पाला खायचं मात्र अलीकडचं. कुणाला डॉक्टरांनी 'जेवणाआधी सॅलड' लिहून दिलेलं असतं. कुणी निवृत्त होऊन मुंबईहून गावी परतलेला असतो आणि दुपारच्या झोपेनंतर करायला काही उरलेलं नसतं. कुणी शनिवार-रविवारपुरतं घर बांधलेलं असतं आणि नुसत्या हिरवळीकडे किती वेळ बघत बसणार, हा प्रश्न पडलेला असतो. मग रोपवाटिकेतून लेट्यूसचा ट्रे घरी येतो.

दारावर मासळी घेऊन येणारी मावशी तो ट्रे निरखून बघते आणि विचारते, "काका, ह्या पाल्याचं कालवन कसं करतान?" काका समजावतात, याचं कालवण करायचं नसतं, हा कच्चाच खायचा. मावशी काही बोलत नाही. काकूंच्या टोपात ठरल्यापेक्षा दोन बांगडे जास्त टाकते आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून जाते.

लेट्यूसचा पहिला वैरी किडा नव्हे, थळचा फेब्रुवारी. हे थंडीचं पीक. ऊन तापायला लागलं की त्याला बियाण्याची घाई होते, मधला दांडा भराभरा वर येतो, पानांत पांढरा चीक भरतो आणि चव कडू होते. नोव्हेंबरात लावून जानेवारीअखेर पानं खुडून संपवणारा माणूस जिंकतो. 'अजून थोडं मोठं होऊ दे' म्हणणाऱ्याला मार्चमध्ये कमरेइतकं उंच कडू झाड मिळतं. ते फोटोत मात्र छान दिसतं.

मातीचंही स्वतःचं मत असतं. समुद्राजवळची जमीन रेताड, वाऱ्याला खार, आणि उन्हाळ्याच्या शेवटी काही विहिरींचं पाणी मचूळ. या बाबतीत बीट हा सगळ्यांत समजूतदार गडी. त्याचे रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर वाढणारे, त्यामुळे थोडा खारेपणा त्याला खपतो. गाजर आणि कांदा लगेच रुसतात. मुळ्याचं 'पुसा चेतकी' हे वाण उकाडा सोसतं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत हाताशी येतं, त्यामुळे उतावळ्या माणसाने त्याच्यापासून सुरुवात करावी. काकडी तर मूळची इथलीच. तिचे कडू रानटी भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याशी अजून सापडतात. कोकणच्या दमट हवेसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'शीतल' नावाचं वाणही दिलं आहे. म्हणजे बी आहे, पाणी आहे, उत्साह आहे. आता हिस्सेदारांकडे वळायला हरकत नाही.

पहिला हिस्सेदार मावा. हिरवा किंवा काळा, मोहरीएवढा, कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीने बसून रस शोषणारा. त्याला कोण बोलावतं, हे थळमध्ये सांगायला नको. गावाला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्याचा शेजार आहे. १९८५च्या सुमारास सुरू झालेल्या या कारखान्यातून दरवर्षी लाखो टन युरिया बाहेर पडतो. एवढा युरिया ज्या गावच्या नावावर जमा आहे, तिथल्या माणसाला चार कुंड्यांत एकेक मूठ टाकताना हात आखडता घ्यावासा वाटत नाही. नत्र जास्त झालं की पानं गर्द हिरवी, लुसलुशीत आणि रसाळ होतात. घरमालक पानांचे फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकतो. मावा ग्रुपवर नसतो, तरी त्याला बातमी लागते.

माव्याच्या मागोमाग मुंग्या येतात. त्या रोप खात नाहीत म्हणून भला माणूस त्यांना काही करत नाही, आणि फसतो. मुंग्यांकडे माव्याचं मुखत्यारपत्र असतं. मावा गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या ते चाटतात आणि त्या बदल्यात माव्याला खायला येणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा ढालकिडा घरमालकाचा एकमेव बिनपगारी नोकर. त्यालाच कीड समजून चिमटीत चिरडण्याचा पराक्रम नव्या बागाइतदाराच्या हातून हमखास घडतो.

यावर पहिलं औषध पाण्याचं: सकाळी नळीची जोरदार धार शेंड्यावर मारली की निम्मा मावा खाली पडतो आणि त्याला परत वर चढणं जमत नाही. दुसरं कडुलिंबाचं तेल. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर तेल, ते मिसळावं म्हणून चिमूटभर साबण, आणि फवारणी उन्हं उतरल्यावर. भर उन्हात फवारलं तर मावा राहतो आणि पानं भाजतात. इथे एक गंमत आहे. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं. नत्र सावकाश सुटावं आणि सवलतीचा युरिया शेताऐवजी भलत्या कारखान्यांकडे वळू नये म्हणून. त्यामुळे थळमध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी कडुलिंबाचं काम चालतं: कारखान्यात टनावारी आणि काकांच्या हातातल्या, पूर्वी काचा पुसायच्या औषधाच्या असलेल्या बाटलीत.

गुढीपाडव्याला तोंड वाकडं करून ज्याचं पान खायचं, त्या झाडाच्या तेलाने बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला पेटंट दिलं होतं. भारतातून त्याला हरकत घेतली गेली, २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आंतरराष्ट्रीय लढाई आपण जिंकली. कुंडीतला मावा हे सगळं कळूनही जागेवरच आहे.

जून उजाडला, पहिले दोन-चार पाऊस झाले की सातबाऱ्यावर सगळ्यांत मोठं नाव चढतं: शंखी गोगलगाय. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या शौकीन इंग्रजाने ती मॉरिशसहून कलकत्त्यात आणली आणि चौरंगीतल्या एका बागेत सोडली. पुढचा हिशेब तिने स्वतः केला. नर आणि मादी एकाच शरीरात असल्यामुळे तिच्याकडे अंडी न घालणारा कुणी नसतोच, आणि एका वेळी शंभराच्या वर अंडी ही तिच्या लेखी किरकोळ बाब. उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून ती मातीत महिनोन्‌महिने पडून राहते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडच्या शेतकऱ्यांचं उगवून आलेलं सोयाबीन तिने फस्त केलं आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. जिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या अलिबाग तालुक्यात तर तिला परदेशी असल्यासारखं वाटतच नाही.

ती दिवसा दिसत नाही. संध्याकाळी काकडीचं रोप चार पानांचं असतं, सकाळी तिथे एक हिरवी काडी आणि शेजारी चकाकणारी चिकट वाट. थळच्या समोरच्या खांदेरीवर १६७९ साली मराठ्यांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांची मोठमोठी जहाजं पहाऱ्याला उभी होती, आणि मराठ्यांच्या छोट्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या होड्या रात्रीच्या काळोखात त्यांच्या नाकाखालून बेटावर रसद पोचवत होत्या. गोगलगाईने तो इतिहास वाचला नसावा, पण तिची पद्धत तीच आहे. म्हणून तिच्याशी गाठ घालायची तर रात्रीच.

थळमध्ये पावसाळी रात्री नऊच्या सुमारास एखाद्या वाडीत बॅटरीचा उजेड हलताना दिसला तर चोर समजू नये. ते निवृत्त काका असतात, डाव्या हातात बादली, उजव्या हातात बॅटरी, हातांत भांडी घासायचे रबरी मोजे. मागे काकू छत्री धरून.

"अहो, इकडे बघा, भोपळ्याच्या पानाखाली केवढी मोठी आहे!"

"अगं, हळू बोल. पळून जाईल ती."

काकू काही बोलत नाहीत. छत्री मात्र काकांच्या डोक्यावरून थोडी स्वतःकडे सरकते.

मोजे घालणं हा चोखंदळपणा नव्हे. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी या गोगलगाईच्या अंगातून माणसापर्यंत पोचू शकतो, आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. त्यामुळे तिला नुसत्या हाताने उचलू नये आणि तिची वाट गेलेला पाला धुतल्याशिवाय तोंडात घालू नये. ज्यांना पावसात फिरायचं नाही त्यांच्यासाठी कृषी खात्याचा जुना सल्ला आहे: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ पसरून ठेवायचं. पपईची पानं घातली तर आणखी चांगलं. पहाटे गोणपाट उलटलं की सगळी मंडळी मेजवानीनंतर तिथेच पडलेली सापडतात. मग ती मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याच्या भुकटीची चार बोटं रुंद रेघही चालते, पाऊस पडेपर्यंत. म्हणजे थळच्या जुलैत साधारण चहा उकळेपर्यंत.

मीठ थेट वाफ्यात फेकायचा मोह कोळीवाड्याच्या शेजाऱ्याला होतोच, कारण मासळी खारवायला आणलेलं मीठ घरात पोत्याने असतं. त्याने गोगलगाय मरते. मग मुळा मरतो. मग त्या जागी काही उगवत नाही, आणि गोगलगाईंचा प्रश्न मुळापासून सुटतो.

काही दयाळू माणसं गोगलगाई मारत नाहीत, कुंपणापलीकडे फेकतात. कुंपणापलीकडे शेजारी असतो आणि तोही तितकाच दयाळू असतो. इंग्लंडमध्ये रूथ ब्रुक्स नावाच्या आजीबाईंना हाच प्रश्न पडला. त्यांनी आपल्या आणि शेजाऱ्यांच्या बागेतल्या गोगलगाईंच्या शंखांना नेलपॉलिशचे वेगवेगळे रंग लावले, अदलाबदल केली आणि दाखवून दिलं की त्या आपल्या घरी परत येतात. २०१० मध्ये बीबीसीच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या. थळमध्ये हा प्रयोग अजून कुणी केलेला नाही. नेलपॉलिश गोगलगाईला लावायला कुठली सून देणार?

गोगलगाईवर जीव टाकणारा एक मित्र मात्र वाड्यांमधून फिरतो: भारद्वाज. त्याचं दर्शन शुभ, असं लोक मानतात आणि कारण विचारत नाहीत. तांबूस पंखांचा हा काळा पक्षी गोगलगाई टिपतो, एवढं कारण पुरेसं व्हावं. त्याला लपायला कुंपणाशी दाट झुडूप लागतं, आणि नवा मालक आल्याबरोबर पहिलं काम करतो ते झुडूप साफ करायचं.

काकडी गोगलगाईतून वाचली, फूल आलं, बोटभर फळ धरलं की पुढचा दावेदार हजर: फळमाशी. मादी कोवळ्या काकडीला टोचून सालीखाली अंडी घालते. काकडी एका बाजूने वाढायची थांबते आणि वाकडी होते. कापल्यावर आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. अशी काकडी पाहुण्यांसमोर कापली गेली की 'आमची अगदी सेंद्रिय बरं का' या वाक्याला जागच्या जागी पुरावा मिळतो.

यासाठी सापळा मिळतो. आंब्याच्या फळमाशीसाठी दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक सापळा' कोकणात ओळखीचा आहे. काकडीवर्गाच्या माशीला 'क्यू ल्युअर' नावाचा वेगळा गंध लागतो. डब्यात गंधाची वडी टांगली की माश्या येऊन पडतात, दोन दिवसांत तळाला थर साचतो आणि काका तो डबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. त्यांना हे ठाऊक नसतं की या वासाला भुलून येतात ते फक्त नर. माद्या शांतपणे वेलावर आपलं काम करत असतात. सापळे पुरेसे असले तर नर घटतात आणि पुढच्या पिढीला चाप बसतो, पण चार वेलांच्या मालकाने त्या जोडीला फळावर कागदी पिशवी चढवावी आणि टोचलेली, गळलेली काकडी तिथेच न टाकता खोल पुरावी. ती उकिरड्यावर फेकणं म्हणजे अळ्यांच्या शिक्षणाची सोय करणं.

जपानने या एका माशीसाठी जे केलं ते वाचून काकांना धीर यावा. ओकिनावा बेटांवर कारल्याचं आणि इतर फळभाज्यांचं रक्षण करायला १९७२ मध्ये मोहीम सुरू झाली आणि किरणोत्साराने नपुंसक केलेल्या माश्या अब्जावधींच्या संख्येत सोडल्या गेल्या. १९९३ मध्ये तिथून ही माशी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. वीस वर्षं, अब्जावधी माश्या. काकांकडे कागदी पिशव्या आहेत.

टोमॅटोचं राजकारण वेगळं. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूवर अंडी घालणं पसंत करतो. बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेने यावरून रीतच बसवून दिली: टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ, आणि झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा मोठं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. घरगुती वाफ्याला कडेने पाच-सहा झेंडू पुरतात. योजना बिनतोड आहे. फक्त तिच्यात दसरा धरलेला नाही. दसऱ्याच्या सकाळी घरातून आवाज येतो, "दारात एवढा झेंडू फुललाय आणि तुम्ही बाजारातून विकत आणणार?" तासाभरात सगळे पहारेकरी तोरणात ओवले जाऊन चौकटीवर टांगलेले असतात. अळी टोमॅटोकडे वळते.

उरलेल्या टोमॅटोंवर बुलबुल डोळा ठेवून असतो. थळच्या शेजारीच किहीमला १९३० साली सालिम अली सुगरणीची घरटी तासन्‌तास निरखत बसले होते आणि त्यातून पक्षिशास्त्राला मोलाची भर मिळाली. थळचे काका बुलबुलाला तितकाच वेळ निरखतात, हातात दगड घेऊन. वास्तविक दगडाची गरज नाही. टोमॅटोने बुडाशी जरा लाली धरली की तोडून घरात ठेवला तरी तो पूर्ण पिकतो. पक्ष्याला लाल रंग दिसायच्या आत फळ फळीवर गेलेलं असावं, इतकंच.

बाकीचे हिस्सेदार घरगुती. कढीलिंबाला मासळी धुतलेलं पाणी घातलं की तो फोफावतो, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत. तेच पाणी कौतुकाने मुळ्याच्या वाफ्याला घातलं की रात्री गावातली मांजरं वासाने येतात आणि 'मासा गेला कुठे' म्हणून सगळा वाफा उकरतात. शेजारच्या कोंबड्या दिवसपाळी सांभाळतात. घुशी खालून येतात: बिटाचा पाला वर टवटवीत, उपटायला गेलं तर हातात नुसता पाला. कुंपणाला कोळीवाड्यातलं जुनं जाळं बांधतात, आणि ते मांजर-कोंबड्यांना खरोखर अडवतं. पण बारीक नायलॉनचं जाळं जमिनीला टेकलं की त्यात धामण अडकते, आणि धामण म्हणजे घुशी-उंदरांचा कर्दनकाळ. जाळं वीतभर उचलून बांधलं तर धामण सुटते. कोंबडीही सुटते. या वीतभर जागेवरून घराघरांत वाद आहेत.

'मी काय अलिबागहून आलोय?' या बोलण्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद विनोदासारखा घ्यावा, असं सुचवलं. तालुक्यातल्या गोगलगाई, घुशी आणि फळमाश्या न्यायालयाच्या बाजूने आहेत असं दिसतं.

शेवटचा हिस्सेदार दोन पायांचा, आणि त्याच्यासाठी दापोलीच्या विद्यापीठाकडे सापळा नाही. पूर्वी गेटवेहून लाँचने येणारा पाहुणा एका पिशवीपुरतंच नेऊ शके. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, पाहुणे गाडी घेऊन येऊ लागले आणि गाडीला डिकी असते. "आमच्याकडे असलं ताजं मिळत नाही हो," असं म्हणत ते वेलाखाली शिरतात. रात्री पावसात भिजून, मोजे घालून, पिशव्या चढवून वाचवलेल्या सात काकड्यांपैकी पाच जातात.

माणसापासून पीक राखण्याचा एकच यशस्वी प्रयोग इतिहासात नोंदलेला आहे. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मालक मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्याला द्राक्षं विषारी वाटावीत म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोगाची बुरशी नाही. १८८५ मध्ये त्याने ते औषध जगासमोर ठेवलं, आणि आजही कोकणात पावसाआधी पोफळीवर कोळेरोगासाठी जे बोर्डो मिश्रण चढतं ते तेच.

हे वाचून थळच्या एका काकांनी फाटकाजवळच्या काकड्यांवर चुन्याची निवळी शिंपडली. काकड्या पांढऱ्याफटक दिसू लागल्या. शनिवारी बोटीने पाहुणे आले, वेलाशी थबकले, एकमेकांकडे बघू लागले. काका ओटीवरून समाधानाने पाहत होते. तेवढ्यात पाहुण्यांमधल्या वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला ते भौगोलिक मानांकन मिळालंय ना, तशीच ही इथली पांढरी काकडी का? दोन किलो द्याल? आणि बी असेल तर तेही."